मधल्या नळाचं पाणी

गल्लीतली माणसं त्यांना नाकवाले म्हणत. हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की पाकिटावरचं खरं नाव वाचून पोस्टमन आधी गोंधळायचा आणि मग म्हणायचा, हां, म्हणजे आपले नाकवाले. एखाद्याचं नाक मोठं असलं, बाकदार असलं, तर असं नाव पडणं समजू शकतं. यांचं नाक अगदी बेताचं, चष्मा टेकायला जेमतेम पुरेल एवढं. नाव पडलं होतं ते त्या नाकाच्या कर्तबगारीमुळे. पाण्यात पेट्रोलचा अंश उतरला तर प्रयोगशाळेच्या आधी नाकवाल्यांना कळतं, अशी त्यांची ख्याती होती. कोपऱ्यावरचे बेकरीवाले गल्लीच्या कमिटीचे अध्यक्षही होते. ते चारचौघांत सांगायचे की बाकीच्यांची नाकं नुसती मुरडण्यासाठी असतात, यांचं तेवढं कामाला आलं. नाकवाले त्यावर मान खाली घालून हसायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा.

विनय कसला! नाकवाल्यांना पेट्रोलचा वास येतच नव्हता.

सव्वीस वर्षं त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपावर गाड्यांच्या टाक्या भरल्या होत्या. सकाळी सहाला नळी हातात घ्यायची ती दुपारी तीनला ठेवायची. कपड्यांना वास, केसांना वास, जेवणाच्या डब्याच्या झाकणालासुद्धा वास. अशा माणसाला पेट्रोल लगेच ओळखता येणार, असं सगळे धरून चालले होते. खरं तर गोष्ट उलटी असते. ज्या वासात माणूस जन्मभर उभा राहतो, तो वास त्याच्या नाकातून कधी निघून जातो ते त्याचं त्यालाही कळत नाही. नाकवाल्यांना भाजलेला पाव कळायचा, ओली माती कळायची, शेजाऱ्यांनी भिंतीला नवा रंग दिलेला कळायचा. तो एकच वास काय तो गेला होता.

हे त्यांच्या ध्यानात आलं शेडमधल्या पहिल्या दिवशी. तोवर पंप बंद पडून वर्ष होत आलं होतं. जमिनीखालची पेट्रोलची टाकी सांध्यात गळत होती आणि ते पेट्रोल झिरपत झिरपत गल्लीतल्या नऊ घरांच्या सामाईक विहिरीपर्यंत पोचलं होतं. विहिरीवर लोखंडी झाकण घालून कुलूप लावलं गेलं. मग पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत पाणी शुद्ध करायची शेड उभी राहिली. तिथं माणूस हवा होता, आणि जमिनीखाली कुठली पाइप कुठून जाते हे नाकवाल्यांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कामाची देखरेख करणाऱ्या इंजिनिअर बाईंनी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर कच्च्या पाण्याचा नळ सोडला आणि चटकन तोंड फिरवलं. नाकवाले तिथंच उभे. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. दोन क्षणांनी त्यांनी बाईंचं बघून आपलंही तोंड फिरवलं आणि वर जरा खोकूनही दाखवलं.

शेड म्हणजे काय, तर वर पत्रे, तीन बाजूंनी जाळी, एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर 'पाण्याचा वास घेऊ नये' अशी पाटी. पाटीच्या बरोबर खाली तीन नळ. जमिनीत खोल मारलेल्या चार बोअरमधून पंप पाणी उपसायचा. ते आधी एका हौदात थांबायचं, तिथं वर तरंगणारं तेल वेगळं व्हायचं, मग कापडी गाळणीतून गाळ निघायचा आणि पाणी दोन उंच निळ्या टाक्यांत शिरायचं. टाक्यांत कोळसा भरलेला असे. शेगडीतला नव्हे, नारळाच्या करवंट्या जाळून, कडक वाफ देऊन मुद्दाम तयार केलेला, चहाच्या भुकटीसारखा काळा आणि दाणेदार. इंजिनिअर बाई सांगत की या चमचाभर कोळशात इतकी बारीक बारीक छिद्रं असतात की त्यांच्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेचं मैदान झाकलं जाईल. पेट्रोल त्या भिंतींना चिकटून बसतं आणि पाणी पुढे निघून जातं. पण भिंती कितीही असल्या तरी कधी ना कधी भरतात, म्हणून टाक्या एकामागे एक अशा दोन.

या टाक्यांना नाकवाल्यांनी थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ अशी नावं ठेवली होती. घरातलं सगळं ओझं आधी थोरलीच्या अंगावर, तिच्या हातून काही निसटलंच तर धाकटी सावरून घेते. थोरली थकली की तिच्यातला कोळसा काढून नवा भरायचा आणि वॉल्व्ह फिरवून तिला मागे टाकायचं. मग काल-परवापर्यंत धाकटी असलेली थोरली होते आणि ताजीतवानी थोरली धाकटी होऊन मागे विसावते. कुठल्याही घरात असं बिनबोभाट झालेलं मी पाहिलेलं नाही, असं ते शेड बघायला येणाऱ्यांना सांगत. थोरली थकली हे ओळखायचं कसं? तर दोघींच्या मध्ये एक नळ होता. त्या मधल्या नळाच्या पाण्यात पेट्रोल उतरलं की समजायचं, थोरली भरली. महिन्यातून एकदा त्याची बाटली प्रयोगशाळेत जायची. महिन्याच्या मधल्या दिवसांत मात्र नळाला विचारणारं कुणी नव्हतं.

इथं नाकवाल्यांच्या बायकोची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट खरी तिचीच आहे. गल्ली तिला काकू म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी, टाकी गळतेय हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा, एका सकाळी काकूंनी विहिरीचं पाणी ओतता ओतता हात थांबवला आणि म्हणाल्या की पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. नाकवाले तेव्हा पंपावरच होते. ते म्हणाले, माझ्या कपड्यांचा असेल. काकूंनी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला सुरुवात केली. वास तसाच. कपडे अंगणाच्या पार टोकाला वाळत घातले, ते कपाटाऐवजी बाहेरच्या खोलीत ठेवले, नवऱ्याला पंपावरूनच हातपाय धुऊन यायला लावलं. पाण्याचा वास तसाच. शेजारणींना सांगितलं तर त्या हसल्या. पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या बायकोला पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? बेकरीवाले तर म्हणाले की माझ्या पिठाला तसला काही वास लागला असता तर गिऱ्हाइकांनी मला आधी सोललं असतं.

मग काकूंनी वाद घालणं सोडलं. दोन मोठे कॅन घेतले आणि रस्त्यापलीकडच्या शाळेच्या नळावरून पिण्याचं पाणी आणायला लागल्या. रोज दोन खेपा. गल्लीनं ठरवून टाकलं की बाई फारच नाक वर करून चालते. नाकवाल्यांना या प्रकाराची लाज वाटायची, आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी हट्ट धरला. शाळेचं पाणी टेबलावर ठेवलेलं असायचं आणि ते उठून विहिरीच्या पाण्याचा ग्लास भरून आणायचे, काकूंच्या समोर बसायचे आणि सावकाश शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. मग रिकामा ग्लास खाली ठेवून म्हणायचे, बघ, झालं का मला काही? काकू काही बोलत नसत. हे वर्षभर चाललं. वर्षानं बादलीतल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, तेव्हा सगळ्या गल्लीचे डोळे उघडले. पण तवंग दिसल्यावर काय, कुणालाही दिसतं.

नंतर या विषयावर नवराबायकोत कधीच बोलणं झालं नाही. नाकवाल्यांनी माफी मागितली नाही आणि काकूंनी बोलून दाखवलं नाही. अशा न बोललेल्या गोष्टी संसारात एखाद्या जड कपाटासारख्या राहतात, सगळे वळसा घालून जातात.

शेड सुरू होऊन चौथा महिना होता. शुद्ध झालेलं पाणी कुंड्यांना घालायला परवानगी होती, म्हणून नाकवाले रोज जेवणाच्या पिशवीत एक बाटली भरून घरी न्यायचे. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी शेवटच्याऐवजी मधल्या नळाखाली बाटली धरली. घरी काकूंनी बूच काढलं आणि बाटली तशीच हातात धरून राहिल्या.

"याला वास येतोय," त्या म्हणाल्या.

नाकवाल्यांच्या जिभेवर जुनंच उत्तर आलं होतं, पण ते त्यांना बोलता येईना. पंप सोडून त्यांना सव्वा वर्ष झालं होतं. अंगातला शर्ट साबणानं धुतलेला, कोरा करकरीत. दोष द्यायला कपडेच उरले नव्हते. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ बुटांची नाडी सोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअर बाईंना फोन करून सांगितलं की मधल्या नळाला वास आहे. बाईंनी आधी पाटीची आठवण करून दिली. आठवड्यानं प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि थोरली भरली असल्याचं निघालं. बाई शेडवर येऊन म्हणाल्या, काका, नाक आहे की यंत्र? त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण सांगायचं म्हणजे आपल्याला वास येत नाही हे सांगायचं, आणि मग हा नोकरीला लायक आहे का असा प्रश्न आला असता. मागची सगळी गोष्टही उकरावी लागली असती. ते हसले आणि वेळ निघून गेली. बाईंनी रजिस्टरमध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला, त्यावर 'वास' असं लिहिलं आणि रोज नोंद करून सही करायला सांगितलं. प्रयोगशाळेचं काम प्रयोगशाळाच करणार, नाकाला न कळणारं पुष्कळ असतं, पण तुम्ही ऐकणारच नाही तर निदान लिहून तरी ठेवा, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून नऊ वर्षं मधल्या नळाची बाटली रोज जेवणाच्या पिशवीतून घरी जात होती. काकू बूच काढायच्या, बाटली जरा लांब धरून हातानं वारा आपल्याकडे घ्यायच्या आणि 'नाही' किंवा 'आहे' एवढंच सांगायच्या. सकाळी नाकवाले रजिस्टर उघडून तसं लिहायचे. गल्लीत बायका काकूंना म्हणायच्या, तुमच्या यांचं नाक म्हणजे कमालच. काकू म्हणायच्या, हो ना. घरी येऊन त्या एकदाच बोलल्या, तेही पाठ फिरवून भांडी लावता लावता, की तुमच्या नाकाला आज सर्दी झालीय, उद्याची नोंद कोरी ठेवा. नाकवाल्यांनी खरोखर कोरी ठेवली.

आता नऊ वर्षांनी कच्चं पाणीही स्वच्छ येऊ लागलं होतं. वर्षभरातल्या चारही तपासण्यांत यादीतलं काहीच सापडलं नव्हतं. इंजिनिअर बाईंनी पत्र पाठवलं की पुढच्या महिन्यापासून शेड बंद करून विहीर गल्लीला परत देता येईल, त्यासाठी सगळ्यांची बैठक घेऊ. गल्लीत आनंदीआनंद झाला. विहीर बंद झाल्यावर गल्लीला तात्पुरत्या दिलेल्या नळाला दिवसातून तासभर पाणी, त्यात बेकरीवाल्यांचं पीठ मळायचं तर नाकी नऊ यायचे. त्यांनी त्याच दिवशी नवा दोर आणि बादली आणून दुकानात सगळ्यांना दिसेल अशी टांगली. नाकवाल्यांना दुसऱ्या गावी तशाच एका शेडवर जायला सांगितलं होतं आणि त्यांची त्याला ना नव्हती.

पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी काकूंनी बूच काढलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग म्हणाल्या की पेट्रोल नाही, पण काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी नाकवाल्यांनी पहिल्या, म्हणजे कच्च्या पाण्याच्या नळाची बाटलीही नेली. तिलाही होता. किंचित गोडसर, रंग पातळ करायच्या तेलासारखा, टोचणारा. काकूंचं म्हणणं असं की हा पहिल्यापासून आहे, पेट्रोलच्या खाली दडला होता. वरचा वास गेला तसा आता तो एकटा उरलाय.

नाकवाल्यांनी इंजिनिअर बाईंना फोन केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फार मऊ आवाजात म्हणाल्या की काका, चार अहवाल कोरे आहेत, एवढी वर्षं ज्या जागेत काढली ती सोडताना मन असं करतं, मी समजू शकते. नाकवाल्यांना त्या मऊपणाचाच जास्त त्रास झाला. बेकरीवाल्यांनी तर तोंडावर विचारलं, की नऊ वर्षं वास जावा म्हणून धडपडलात आणि आता इथली नोकरी जायची वेळ आली तसा नवा वास कुठून आणलात? त्यांनी ते हसत विचारलं, पण विचारलं.

नाकवाले शेडमध्ये येऊन बसले. दोन्ही जावा नेहमीसारख्या उभ्या होत्या, पंप घुमत होता. महिनाभरानं समोरचं झाकण निघणार, नऊ घरांतली माणसं त्या विहिरीचं पाणी पिणार, आणि पाण्यात काहीतरी आहे हे जिला कळलंय तिला पुन्हा दोन कॅन घेऊन शाळेच्या नळावर जावं लागणार, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आपलं कुणी ऐकणार नाही, कारण आपलं नाक आता नोकरीला बांधलेलं दिसतंय. आणि ते नाक मुळात आपलं नाहीच. त्यांनी बराच विचार केला आणि प्रत्येक वेळी ते फिरून एकाच ठिकाणी आले.

बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत दुपारी भरली. लोक पिठाच्या पोत्यांवर आणि उलट्या ट्रेवर बसले. इंजिनिअर बाईंनी अहवाल वाचून दाखवले, टाळ्या पडल्या, संमतीचा कागद फिरायला लागला. पाच सह्या झाल्यावर कागद नाकवाल्यांच्या हातात आला. ते उठून उभे राहिले. चारचौघांत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते समोरच्या भट्टीच्या दाराकडे बघून बोलले.

"मला पेट्रोलचा वास येत नाही. पंपावर असतानाच गेला. नऊ वर्षांत एकदाही आलेला नाही."

कुणीतरी हसलं, थट्टा समजून. इंजिनिअर बाई हसल्या नाहीत.

"मग रजिस्टरमध्ये सही कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"सही माझी. नाक आमच्या हिचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चुकून भरलेली बाटली, रोजची पिशवी, गल्लीनं दिलेलं नाव आपण कसं गपचूप वापरलं ते. आणि तिथंच न थांबता अकरा वर्षांपूर्वीचंही सांगितलं. ही पहिल्या दिवशी सांगत होती. मी कपड्यांवर ढकललं. तुम्हीही हसलात, पण तुम्ही माझ्यामुळे हसलात, कारण पंपावरचा माणूस मी होतो आणि मी नाही म्हणत होतो. मी हिच्या समोर बसून ते पाणी प्यायलो, ही खोटी ठरावी म्हणून. आता ही परत सांगतेय. मी या कागदावर सही करणार नाही.

बेकरीवाले हातावरचं पीठ झटकत राहिले, हातावर पीठ नसताना. इंजिनिअर बाईंचा चेहरा मात्र लाल झाला होता. नऊ वर्षं आपण खोट्या सह्या तपासत आलो, असं त्या तुटक आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मग जरा थांबून त्यांनी काकूंना बोलवायला सांगितलं.

काकू कपडे पिळता पिळता आल्या होत्या, बाह्या अजून वर सरकवलेल्या. आत काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारलं की तुम्हाला जो वास येतो तो कसा आहे, तुमच्या शब्दांत सांगा. काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भट्टीकडे बघत होता. मग त्यांनी सांगितलं, घरी सांगितलं होतं तसंच, गोडसर, रंगाच्या तेलासारखा, पेट्रोलच्या खालचा.

इंजिनिअर बाईंनी वही मिटली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्या जागी वेगळीच काळजी आली होती. त्या म्हणाल्या की पूर्वी पेट्रोलमध्ये एक पदार्थ मिसळायचे, इंजिन नीट चालावं म्हणून. तो पाण्यात सहज विरघळतो आणि कोळशाच्या हातातूनही इतरांच्या आधी निसटतो. वास असाच. तपासणीची यादी पहिल्या वर्षी ठरली, तेव्हा बाकीच्या गोष्टीच इतक्या होत्या की हा त्या यादीत घेतलाच गेला नाही, आणि पुढे दरवर्षी तीच यादी पुढे चालू राहिली. जे शोधलं नाही ते सापडलं नाही. हे सांगताना त्यांनी कुणावर ढकललं नाही, यादीवर सही माझीच आहे म्हणाल्या. संमतीचा कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्याच दुपारी नव्या बाटल्या भरून पाठवल्या.

अहवालाला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत गल्लीनं नाकवाल्यांना नाकवालेच म्हटलं, पण जरा अडखळून. बेकरीतला नवा दोर टांगलेलाच होता. काही जण म्हणत होते की नवराबायको मिळून सगळ्यांना झुलवताहेत. घरी काकू नेहमीसारख्या वागत होत्या. बैठकीत नवरा काय बोलला ते त्यांना एव्हाना तीन शेजारणींनी तीन तऱ्हांनी सांगितलं होतं, पण त्यांनी विषय काढला नाही आणि नाकवाल्यांनाही कुठून सुरुवात करावी ते कळेना. भीती त्यांना एकाच गोष्टीची होती, अहवाल कोरा आला तर ती दुसऱ्यांदा खोटी ठरेल, आणि या वेळी आपण तिला चारचौघांत उभं करून खोटी ठरवलेलं असेल.

अहवाल कोरा नव्हता. तो पदार्थ पहिल्या नळात होता, मधल्या नळात होता, आणि पिण्याच्या पाण्यात चालेल त्याच्या कितीतरी पट होता. शेड चालू राहणार, कोळसा आता जास्त वेळा बदलावा लागणार, विहिरीचं कुलूप राहणार. बेकरीवाल्यांनी दोर उतरवला, आणि त्याच संध्याकाळी काकूंच्या घरी ताजा पाव घेऊन आले. दारातच उभं राहून म्हणाले, वहिनी, मागच्या वेळी मीही हसलो होतो. काकूंनी पाव घेतला आणि गरम आहे म्हणाल्या.

इंजिनिअर बाईंनी दोन कागद पाठवले. एक नाकवाल्यांना, खोट्या सह्यांबद्दल ताकीद देणारा. तो त्यांनी दोनदा वाचून टेबलाच्या खणात नीट ठेवला. दुसरा सूचनेचा, की 'वास' या रकान्यात यापुढे जी व्यक्ती वास घेईल तिनंच सही करावी.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पहिल्यांदा शेडमध्ये आल्या. नऊ वर्षांत त्या कधी आत आल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही निळ्या टाक्यांवर हात ठेवून पाहिलं आणि यातली थोरली कुठली ते विचारलं. 'वास घेऊ नये' ही पाटी वाचली आणि हसल्या. नाकवाल्यांनी मधला नळ सोडून बाटली भरून दिली. काकूंनी बाटली लांब धरली, हातानं वारा घेतला, बूच लावलं. जाळीतून समोर विहिरीचं झाकण दिसत होतं. त्या तिकडे बघत राहिल्या.

नाकवाल्यांनी धीर केला. "चुकलो मी तेव्हा," ते म्हणाले. "खोटी पाडत होतो तुला. किती राग आला असेल."

"राग कसला," काकू म्हणाल्या. "तुम्ही समोर बसून ग्लास प्यायचात ना, मी ते मोजायची. सकाळी दोन, जेवताना एक, संध्याकाळी दोन. वर्षभर मोजले. अजून तुम्हाला नुसता खोकला आला तरी मला ते ग्लास आठवतात."

अकरा वर्षं नाकवाल्यांना वाटत होतं की आपण तिचा शब्द खाली पाडला याचं तिला दुःख आहे. तिला शब्दाचं काही नव्हतं. ती रोज घाबरत होती, आणि ते रोज तिच्या समोर ग्लास भरत होते. त्यांना रडू आलं. ते लपवायला जाळीच्या शेडमध्ये आडोसा असा नव्हताच.

काकूंनी त्यांना वेळ दिला. मग खुर्ची ओढून रजिस्टर पुढे घेतलं. मागची पानं चाळायचा मोह त्यांना झाला असेल, पण त्यांनी चाळली नाहीत. टेबलावरचं पेन उमटेना, तेव्हा नाकवाल्यांनी खिशातलं आपलं पेन काढून दिलं. काकूंनी रकान्यात 'आहे' असं लिहिलं आणि त्यापुढे आपलं नाव, सगळं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सावकाश लिहून सही केली.